गोल पाच

३ ऑक्टोबर, रविवार

एक कंस! एका कंसापायी अख्खा दिवस गेला. किती आकडे दाबले की फोन लावायचा, हे सांगणारी एक ओळ फाइलीत असते. तिच्या टोकाचा कंस माझ्याकडून राहिला आणि सकाळपासून निम्म्या सल्त गावाचे फोन मुके! फाइल मी लिहिते, गिऱ्हाइकाच्या घरी फोनची डबी मुन्झिर बसवतो, म्हणून शिव्या त्याने खाल्ल्या. दुपारी घाम पुसत आला. "ताई, तुम्ही पंख्याखाली बसून कंस विसरता आणि गिऱ्हाईक चप्पल मला दाखवतं."

चहा पाजला. मरमिय्याची पानं जास्त घातली. तेव्हा कुठे गप्प बसला.

४ ऑक्टोबर

खरं तर डबीसारखं गुणी लेकरू नाही. एका बाजूला इंटरनेटची वायर, दुसऱ्या बाजूला घरातला साधा फोन. वीज आली की ती आमच्या सर्व्हरकडे येते, पोटावर छापलेला आपला नंबर सांगते आणि त्या नावाची फाइल मागते. फाइल म्हणेल तू अमक्याची, तुझा फोन नंबर तमका. की ती अमक्याची झाली! उलट विचारणं नाही. इतकं आज्ञाधारक आमच्या घरात कोणीच निपजलं नाही.

५ ऑक्टोबर, मंगळवार

आईसाठी एक डबी घरी आणली. कंपनीची, फुकट. तिची फाइल लिहिली, फोन जोडला, भिंतीला वायर ठोकली. आई कोपऱ्यातून बघत होती.

"मला कोण फोन करणार आहे?"

"मावशी करेल. मी ऑफिसातून करेन."

"तू तर घरीच येतेस."

दोघींच्या मनात एकच नाव — आणि ते या घरात घ्यायचं नाही. सहा वर्षं झाली. गालिबला अरीजशी लग्न करायचं होतं. घटस्फोट झालेली, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. आई म्हणाली, "मी मेल्यावर आण." त्याने मरायची वाट बघितली नाही, हॅम्बुर्गला गेला, तिथेच लग्न केलं. मला ईदला दोन ओळींचा ईमेल येतो. आईला काही नाही.

आणि गंमत बघ — ती त्याचं नाव घेत नाही, पण भाजीवाल्यापासून इमामापर्यंत जो तो तिला त्याच्याच नावाने हाक मारतो. उम्म गालिब! गालिबची आई! पोरगा दाराबाहेर गेला, पण नाव तिच्या अंगावरून उतरत नाही.

मी आज त्याला लिहिलं: हा आईचा नवा नंबर. एवढंच. पुढे काय लिहू ते सुचलं नाही.

७ ऑक्टोबर

उत्तर नाही. अपेक्षा नव्हतीच. (होती.)

१० ऑक्टोबर, रविवार

नवं गिऱ्हाईक, वरच्या आळीतली उम्म सुलतान. मुलगा सुलतान दोहाच्या इस्पितळात नर्स आहे. मुन्झिर म्हणतो, "त्या बाईला फोन कशाला हवा? गच्चीवर उभं राहून बोलली तरी दोहाला ऐकू जाईल!" डबी बसवून आला. दिवा नुसता लुकलुकत होता म्हणे. मी म्हटलं, फाइल चढली की लागेल. त्याने खोक्याच्या झाकणावर डबीचा नंबर लिहून आणला होता, तो बघून फाइल बनवली. कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं. हो दाबलं. घरी आले. पाय सुजलेत.

११ ऑक्टोबर

आईने इस्त्रीसाठी डबीचा प्लग काढला! म्हटलं, अगं त्याला हात लावायचा नसतो. म्हणाली, "प्लग एक आणि चुरगळलेले कपडे ढीगभर. तूच सांग काय करू." नंतर परत लावला म्हणते.

१३ ऑक्टोबर, बुधवार

गालिबचा फोन आला!!

मी घरी नव्हते. आले तर आई स्वयंपाकघरात, कोसा, म्हणजे बोटभर दुधी, कोरत बसलेली, अर्ध्यांत भात भरलेला, अर्धे रिकामे, आणि उरलेला भात तिच्या मांडीवर सांडलेला. मला वाटलं साखर कमी झाली.

"आला होता," म्हणाली.

"कोण?"

"फोन. त्याचा."

"गालिबचा? नक्की?"

"दुसरं कोण मला यम्मा म्हणणार?"

"मी म्हणते की!"

"तू समोर असतेस."

काय बोलला ते नीट सांगेना. जेवणाची आबाळ होते म्हणाला. रडला. आवाज विहिरीतून आल्यासारखा. मी मोरीत गेले आणि उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुतली. डोळे चोळले तर साबण गेला, म्हणजे रडायला निमित्तही मिळालं.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

परत आला! मी तेवढ्यात रोट्या आणायला गेले होते. रोज असंच. मी बाहेर गेले की फोन. माझी चौकशी केली का, असं विचारलं तर आई म्हणाली, "घाईत होता."

सहा वर्षं ईदेच्या दोन ओळी मीच सांभाळल्या. आणि मला घाई.

त्याला ईमेल लिहायला घेतला होता. पुसून टाकला. आत्ता कुठे पाखरू खिडकीवर बसलंय. मी टाळी वाजवायची नाही.

१७ ऑक्टोबर, रविवार

उम्म सुलतान ऑफिसात. मुन्झिर खोटं बोलला नव्हता, काचा हलल्या.

"आठवडा झाला, तुमचा फोन मेलेला आहे! माझ्या लेकाचा आवाज नाही कानावर!"

मी सर्व्हर बघितला. तिचा नंबर जिवंत आहे. नुसता जिवंत नाही, दोहाहून रोज फोन येतोय, उचलला जातोय, अर्धा-अर्धा तास बोलणं चाललंय.

"मावशी, कालसुद्धा तुमचं बोलणं झालंय."

"माझ्या भुताने केलं असेल!"

तिच्यासमोरच तिचा नंबर नावासकट माझ्या मोबाइलमध्ये घातला आणि लावला. एंगेज. मुका फोन एंगेज कसा? तिचं घर बंद, किल्ली तिच्या कमरेला! परत लावला. एंगेज. मुन्झिर कानात म्हणाला, "म्हातारीला विसर पडत असेल." मलाही तेच वाटलं. पण ती विसरणाऱ्यातली दिसत नाही. माझ्या खुर्चीवरची शाई तिने मी बसायच्या आत दाखवली.

१९ ऑक्टोबर

डोकं चालेना. आज ऑफिसातून घरी फोन केला तर बाई सांगते, हा नंबर उपलब्ध नाही. सर्व्हरवर आईचा नंबर मेलेला. धावत घरी आले तर आई फोनवर बोलतेय!

"...होय यम्मा. नीट जेव यम्मा. गार पाण्याने नको अंघोळ करू यम्मा."

मी हात पुढे केला. दे, मीही बोलते. तिने रिसीव्हर छातीशी धरला आणि मला दरवाजा दाखवला! "जा, पाव आण." पाव घरात होता.

मेलेल्या फोनवर बोलणं चालू आहे आणि जिवंत फोन मुका आहे. आणि मी दोन्हींची फाइल लिहिणारी. वा!

२१ ऑक्टोबर, गुरुवार

आता हे काय? जेवताना आई म्हणाली, "मी हो म्हटलं."

"कशाला?"

"लग्नाला. त्याने विचारलं, यम्मा, तिला आणू का? तुझं मन दुखणार नाही ना? मी म्हटलं, आण. डोळे मिटून आण."

घास तोंडातच राहिला. गालिबचं लग्न होऊन सहा वर्षं झाली! दुसरं करतोय? अरीजचं काय झालं? की झालेल्याच लग्नाला आता, इतक्या वर्षांनी, रीतसर परवानगी मागतोय? तो हट्टी आहे, पण असा हळवाही आहे खरा. आईला विचारलं, कोण आहे ती? म्हणाली, "चांगली असेल." विषय बंद. बटाट्याची साल काढावी तशी माझ्याकडे न बघता बोलते आजकाल.

पण एक सांगते. तो "हो" उच्चारताना तिचा चेहरा मी बघितला. गेल्या कित्येक दिवसांत तिने गुडघ्याचं नाव काढलेलं नाही. हे फोन बंद झाले तर तिचं काय होईल, असा भलता विचार मनात आला. का आला कोण जाणे.

२४ ऑक्टोबर, रविवार

उम्म सुलतान परत. या वेळी धाकट्या दिराला घेऊन. सुलतानने या काकाला मोबाइलवर फोन केला म्हणे: आईशी रोज बोलतोय, आई किती गोड झाली आहे, आणि मोरोक्कोच्या एका नर्सशी लग्न करायला आईने हो म्हटलंय!

"मी? मी त्या मोरोक्कोवालीला हो म्हणेन? माझ्या बहिणीची मुलगी ठरलेली असताना?" टेबलावर मूठ आपटली. "माझ्या तोंडाने कोण बोललं ते मला सांगा!"

काका सभ्य माणूस. हळूच म्हणाला, "वहिनी गोड झाली म्हणाला तेव्हाच मला संशय आला होता."

हो म्हटलं. लग्नाला. यम्मा... आईही हेच म्हणाली होती. पण आईच्या डबीचा नंबर वेगळा, हिच्या डबीचा वेगळा. असं होऊच शकत नाही. उद्या तिच्या घरी जाऊन डबी बघते.

२५ ऑक्टोबर, सोमवार

झालं. कळलं.

उम्म सुलतानच्या घरी गेले. डबीचा दिवा अजूनही लुकलुकतोय. म्हणजे हिला फाइल मिळालेलीच नाही, कधीच! मी गुडघ्यावर बसून डबी उलटी करत होते, उम्म सुलतान कमरेवर हात ठेवून डोक्यावर उभी, आणि माझा मोबाइल वाजला. पडद्यावर नाव: उम्म सुलतान.

तिचा फोन माझ्यासमोर. मुका. हात तिचे कमरेवर. आणि तिचा फोन येतोय!

उचलला.

"यम्मा, येताना सुमाक आण. संपलाय," माझी आई म्हणाली.

आईने आयुष्यात पहिल्यांदा मला मोबाइलवर फोन केला, तोही आजच.

काय बोलले आठवत नाही. आणते म्हटलं असणार, कारण सुमाकच्या आंबट मसाल्याची पुडी पिशवीत आहे. ऑफिसात जाऊन खोक्याचं झाकण शोधलं. मुन्झिरने डबीचा नंबर आपल्या अरबी आकड्यांत लिहिलाय. शेवटी गोल. मी तो शून्य वाचला. इंग्रजी आकडे दिवसभर टाइप करून करून डोळे इंग्रजी झाले.

"पाच आहे तो!" मुन्झिर ओरडला. "आपला पाच! गोल!"

"शून्यासारखा काढलाय!"

"शून्य आपला टिंब असतो, ताई! शाळेत गेला होता ना?"

शेवटी शून्य असलेली डबी त्याच खोक्यातली. आईची. कॉम्प्युटरने विचारलं होतं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का? मी न वाचता हो दाबलं. दुसऱ्या दिवशी आईने इस्त्रीसाठी प्लग काढला, परत लावला. डबीने फाइल मागितली. फाइल म्हणाली, तू उम्म सुलतान. ती मुकाट झाली उम्म सुलतान!

पण डबीचं सोड. माणसांनी तरी नाव घ्यावं! आपली ही जुनी तऱ्हा, पोरगा आईला यम्मा म्हणतो आणि आईही पोराला उलट यम्माच म्हणते. दोन्हीकडून यम्मा, यम्मा, यम्मा. पंधरा दिवसांत दोघांनी एकमेकांचं नाव एकदा उच्चारलं असतं तर!

गालिबने फोन केलेला नाही. एकदाही नाही.

हे आईला मी सांगायचं.

२६ ऑक्टोबर

सांगितलं. सकाळी, ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती तेव्हा. मी आधी डबीपासून सुरुवात केली, मग फाइल, मग पाच आणि शून्य. तिने चिमटा तोंडात धरला होता. तो काढला.

"ठाऊक आहे," म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"गालिब नाही ते. पहिल्या दिवशी वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी कळलं. मी त्याला जन्म दिलाय, तुझ्या डबीने नाही."

"मग बोलत का राहिलीस? राँग नंबर म्हणायचं ना!"

"पोरगं रडत होतं. चार महिने झाले जाऊन, कोणी बोलायला नाही. यम्मा, यम्मा करतंय. त्याला राँग नंबर म्हणू?" चादर झटकली, माझ्या तोंडावर पाणी उडालं. "आणि मला बरं वाटत होतं. ते पण आहे."

"आणि ते लग्नाचं हो?"

तिने आधी दोरीवर सगळे मोजे लावून घेतले.

"तो प्रश्न मला एकदाच विचारला होता कोणी. उत्तर चुकलं. परत विचारला, तर काय, परत चुकू?"

मी चिडले होते. दुसऱ्याच्या मुलाचं लग्न लावून बसली! पण चिडणं तोंडापर्यंत येईना. मी तिला मिठी मारली, ओल्या कपड्यांसकट. ती म्हणाली, सर, वाळत घालू दे.

२७ ऑक्टोबर

दोन्ही फाइली दुरुस्त केल्या. दहा मिनिटांचं काम. मी सकाळी बसले ते जेवणाच्या सुट्टीत उठले. उम्म सुलतानचा मुलगा उम्म सुलतानला द्यायचा हे तर बरोबरच. पण माझ्या आईला कोण द्यायचं? त्याची फाइल कुठे असते?

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

उम्म सुलतान घरी आली! परवाच मी तिला सगळा घोळ सांगितला होता. काळा ठेवणीतला पोशाख, एकटी. मी दार उघडलं तर मला बाजूला सारून आत.

आईने कडू कॉफी ओतली. उम्म सुलतानने कप घेतला आणि न पिता समोर ठेवला. झालं! मागणं घेऊन आलेला पाहुणा असाच कप ठेवतो. कबूल कराल तर पिईन. पण ते वरपक्षाचे पुढारी करतात, नवरी मागायला आलेले. बाई एकटीने असा कप ठेवलेला मी पहिल्यांदा बघितला.

"माझ्या लेकाला फोन कर," ती म्हणाली, "आणि सांग, ते हो माझं नव्हतं. काल मी सगळं सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना! म्हणतो, यम्मा, मशीनमधून तुझा आवाज किती मऊ यायचा. आता मी बोलले की म्हणतो, लाइन खराब आहे!"

मी ओढणी तोंडात कोंबली. आई हसली नाही.

"सांगते," म्हणाली. "हो माझं होतं, तुझं नव्हतं, हे सांगते. पण आधी ऐक, बहिणी. असाच एक मुलगा माझ्यासमोर उभा होता. मी नाही म्हटलं. मला वाटलं, रडेल, जेवेल, गप्प बसेल. आता सगळा गाव मला उम्म गालिब म्हणतो आणि गालिब मला काहीच म्हणत नाही. माझं 'नाही' म्हणून झालं. तुझं अजून तोंडात आहे. जपून म्हण."

सहा वर्षांनी आईच्या तोंडून गालिबचं नाव, तेही परक्या बाईपुढे.

उम्म सुलतान बसून राहिली. इतका वेळ ती गप्प राहू शकते हे मुन्झिरला सांगितलं तर पटणार नाही. नाकावर घाम आला होता. मग तिने तो गार झालेला कप उचलला आणि एका घोटात पिऊन टाकला.

"वेलदोडा कमी आहे," म्हणाली.

जाताना दारात आईचा हात धरून उभी होती. मोरोक्कोच्या मुलीचं काय ठरवलं ते बोलली नाही. मी विचारणार होते, आईने चिमटा काढला.

३१ ऑक्टोबर

आमचा फोन आता एकदम ठीक आहे. सर्व्हरवर जिवंत, दिवा स्थिर, आवाज स्वच्छ. वाजत नाही.

आई त्याच्यावरची धूळ पुसते. धूळ नसते.

गुडघा परत दुखायला लागलाय.

१ नोव्हेंबर

गालिबला मोठा ईमेल लिहिला. पाच, शून्य, सुलतान, सुमाक, सगळं. पाठवला नाही. हे माझं नाही, तिचं आहे. मी मध्ये पडून पुन्हा कोणाच्या फाइलीवर कोणाची फाइल लिहायची नाही.

२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी आई रिसीव्हर हातात घेऊन उभी. "आकडे सांग." कोणाचे ते बोलली नाही, मी विचारलं नाही. त्याच्या ईमेलखाली असतो तो नंबर वाचला. लांब नंबर. दोनदा चुकली, दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा लागला.

पलीकडून गालिब बोलला नाही. लहान मूल बोललं. आपल्याच भाषेत, परक्या हेलाने — "हॅलो? बाबा खाली गेलेत. कोण बोलतंय?"

मला ठाऊक नव्हतं. दोन ओळींत त्याने कधी लिहिलंच नाही.

आईने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मग यम्मासारखाच उलटा शब्द, आजीने नातवंडाला 'आजी' म्हणायचा, या घरात अजून कोणीच कोणाला न म्हटलेला, तो म्हणाली.

"सित्ती," म्हणाली. "सित्ती, ठेवू नकोस. मी थांबते."